रिमोट-कंट्रोल विमानाचा ईएससी ई-सायकलच्या हब मोटरला चालेल का?

प्रश्न
लेखक : मागचे_चाक

माझ्या सायकलच्या मागच्या चाकात ३६ व्होल्टची, आतून गिअर असलेली हब मोटर आहे. तिच्या मूळ कंट्रोलरमध्ये पाणी शिरले आणि बोर्डवरच्या तांब्याच्या रेषा इतक्या गंजल्या, की तो दुरुस्त करण्यात अर्थ उरला नाही. माझ्याकडे रिमोटवर उडणाऱ्या एका मोठ्या विमानातला ईएससी, म्हणजे मोटरचा वेग ठरवणारा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर, पडून आहे. त्यावर १२ एस (म्हणजे एकापुढे एक जोडलेले १२ सेल) आणि १२० अँपिअर असे छापलेले आहे. मूळ कंट्रोलरवर केवळ १५ अँपिअर लिहिलेले होते. मोटरला तीन जाड तारा, ईएससीलाही तीनच, आणि बॅटरी १० एस, म्हणजे पूर्ण चार्ज झाल्यावर ४२ व्होल्ट. तेव्हा व्होल्टेज आणि करंट या दोन्ही बाजूंनी भरपूर वाव आहे असे धरून मी जोडणी करून पाहिली.

सायकल स्टँडवर लावून, चाक अधांतरी ठेवून सर्व्हो टेस्टरचे (ईएससीला हाताने वेगाचा सिग्नल देणाऱ्या छोट्या यंत्राचे) बटण हळूहळू फिरवले, तर मोटर अगदी सुरळीत फिरते. मात्र सायकलवर बसून जागेवरून निघायला गेले की चाक पुढे-मागे थरथरते, आतून कटकट असा आवाज येतो आणि सायकल जागची हलत नाही. पायाने थोडा वेग घेतल्यावर मात्र ती व्यवस्थित ओढू लागते. दुसरे कोडे असे, की बॅटरी आणि ईएससी यांच्यामध्ये लावलेला वॉटमीटर हळू वेगात चढ चढताना १० अँपिअरच्या आसपासच आकडा दाखवत होता, आणि तरीही ईएससीच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीवर बोट ठेववत नव्हते. १२० अँपिअरचा ईएससी १० अँपिअरला इतका का तापावा?

मोटरमधून आलेल्या हॉल सेन्सरच्या (चुंबकावरून मोटरच्या फिरत्या भागाची जागा ओळखणाऱ्या सेन्सरच्या) पाच बारीक तारा सध्या मोकळ्या आहेत. त्यांचा काही उपयोग करता येईल का, आणि सायकलचा मूळ अंगठ्याचा थ्रॉटल या ईएससीला कसा जोडावा, हेही कोणी सांगितल्यास बरे होईल.

उत्तर
लेखक : पाते_आणि_पंख

आपली दोन्ही कोडी एकाच गोष्टीतून निघालेली आहेत, म्हणून आधी त्या १२० च्या आकड्याकडे पाहू. विमानाच्या ईएससीवर छापलेला करंट हा पंख्याच्या भारासाठी असतो. पंख्याला लागणारा टॉर्क फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि शक्ती घनाच्या प्रमाणात. याचा अर्थ असा, की निम्म्या फेऱ्यांवर टॉर्क पाव आणि शक्ती एक-अष्टमांश एवढीच लागते, आणि थांबलेला पंखा फिरवायला तर जवळजवळ काहीच लागत नाही. मोटर सर्वाधिक करंट घेते तेव्हा थ्रॉटल पूर्ण उघडलेला असतो आणि त्याच पंख्याचा वारा ईएससीवरून वाहत असतो. सायकलचे सगळे याच्या उलट आहे. सर्वाधिक टॉर्क लागतो तो वेग शून्य असताना किंवा चढावर, थ्रॉटल अर्धवट असताना, आणि तेव्हा वारा नावालाही नसतो.

आता वॉटमीटरचा आकडा. ईएससी बॅटरीचे व्होल्टेज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून मोटरला सरासरी कमी व्होल्टेज देतो. मोटरच्या वेटोळ्यांना इंडक्टन्स (करंटच्या बदलाला विरोध करण्याचा गुण) असल्यामुळे बंद काळातही त्यांतला करंट वाहतच राहतो; तो बॅटरीतून येत नाही, ईएससीच्या आतल्या आत फिरतो. म्हणून फेजमधला (मोटरच्या तीन जाड तारांतला) करंट म्हणजे बॅटरीचा करंट भागिले ड्यूटी (चालू काळाचा एकूण काळातला वाटा), असा ढोबळ हिशेब धरता येतो. आपल्या मोटरच्या दोन फेजमधला रोध ०.१५ ओहम धरा. सायकल जवळजवळ थांबलेली असताना २० टक्के ड्यूटी दिली, तर मोटरवर ३६ चे २० टक्के म्हणजे ७.२ व्होल्ट पडतात आणि फेजमधून ४८ अँपिअर वाहतात. त्याच वेळी बॅटरीतून जातात फक्त ९.६ अँपिअर, आणि आपला मीटर तेवढेच दाखवतो. थांबलेल्या मोटरला घाईने पूर्ण थ्रॉटल दिला, तर याच हिशेबाने २४० अँपिअर निघतात. बॅटरी आणि तारांच्या रोधामुळे प्रत्यक्षात ते काहीसे कमी भरतील, पण ईएससीचा जीव घ्यायला तेवढे पुरेसे आहेत.

तापण्याचे कारण यातही थोडे अधिक खोलवर आहे. मॉस्फेट, म्हणजे ईएससीतला चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, पूर्ण उघडा (चालू) असताना त्याचा रोध फार कमी असतो. मार्गातले दोन मिळून २ मिलिओहम धरले, तर ४८ अँपिअरला जेमतेम साडेचार वॉट उष्णता होते. पण पुष्कळ जुन्या ईएससींमध्ये बंद काळातला करंट मॉस्फेटच्या अंगच्या डायोडमधून वाहतो आणि त्या डायोडवर सुमारे ०.८ व्होल्ट पडतात. २० टक्के ड्यूटीला हा बंद काळ ८० टक्के असतो, म्हणजे ४८ गुणिले ०.८ गुणिले ०.८, अशी सुमारे ३० वॉट उष्णता एकट्या डायोडमधून होते. पूर्ण थ्रॉटलला हा भाग उरतच नाही. विमानाचा ईएससी अर्ध्या थ्रॉटलला जास्त तापतो अशी तक्रार उडवणारेही करतात, तिचे मूळ येथेच आहे.

ई-सायकलच्या कंट्रोलरमध्ये शंट (करंट मोजण्यासाठीचा छोटा रोध) असतो आणि बॅटरीचा करंट ठरलेल्या मर्यादेपाशी आला की ड्यूटी आपोआप खाली येते. बऱ्याच कंट्रोलरमध्ये फेज करंटलाही वेगळी मर्यादा असते. विमानाच्या ईएससीत सहसा यातले काहीच नसते. त्याचा थ्रॉटल म्हणजे ड्यूटीची आज्ञा. मोटरने किती करंट घ्यावा याविषयी त्याला मत नाही. म्हणून १५ आणि १२० या दोन आकड्यांची तुलनाच होऊ शकत नाही. पहिला आकडा त्या कंट्रोलरने स्वतः पाळायची मर्यादा आहे, दुसरा वापरणाऱ्याने पाळायची.

राहिली थरथर. हा ईएससी सेन्सरविना चालतो. ज्या फेजला त्या क्षणी वीज दिलेली नाही, तिच्यावर उमटणारा बॅक ईएमएफ (फिरणाऱ्या मोटरने स्वतः निर्माण केलेले उलटे व्होल्टेज) शून्य ओलांडतो केव्हा, हे पाहून तो रोटरची, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाची, जागा ओळखतो. थांबलेल्या मोटरमध्ये बॅक ईएमएफ नसतोच. त्यामुळे सुरुवातीला तो डोळे मिटून क्रमाने फेजना झटके देतो आणि रोटर मागोमाग येईल असे गृहीत धरतो. अधांतरी चाक येते, माणूस बसलेली सायकल येत नाही. प्रत्येक फसलेला झटका हा थांबलेल्या मोटरचा करंट असतो, म्हणून ती कटकट ऐकू आली की थ्रॉटल लगेच सोडावा.

उत्तर
लेखक : तारजोड

थ्रॉटलविषयी तेवढे लिहितो. ईएससीला १ ते २ मिलिसेकंद रुंदीचा पल्स साधारण दर २० मिलिसेकंदांनी हवा असतो. सायकलचा थ्रॉटल हा ५ व्होल्टवर चालणारा हॉल सेन्सर आहे. तो मोकळा असताना सुमारे ०.८ व्होल्ट आणि पूर्ण दाबल्यावर ३.६ ते ४.२ व्होल्ट देतो. या दोहोंच्या मध्ये एखादा छोटा मायक्रोकंट्रोलर बसवावा लागतो. व्होल्टेज वाचून पल्स काढण्याचा प्रोग्राम काही ओळींचाच आहे, परंतु खरे काम त्यातल्या अपवादांमध्ये आहे.

थ्रॉटलची काळी तार, म्हणजे ग्राउंड, हँडलपाशी वाकून-वाकून तुटते असे पुष्कळदा होते. ती तुटली की सिग्नलची तार ५ व्होल्टकडे ओढली जाते, आणि भाबडा प्रोग्राम त्याचा अर्थ पूर्ण थ्रॉटल असा घेतो. म्हणून ४.५ व्होल्टच्या वर किंवा ०.५ व्होल्टच्या खाली काहीही आले की ते बिघाडाचे लक्षण मानून १ मिलिसेकंदाचाच पल्स द्यावा, आणि थ्रॉटल पुन्हा शून्यावर आलेला दिसेपर्यंत तो तसाच ठेवावा. ब्रेकच्या मुठीतला स्विचही याच मायक्रोकंट्रोलरला जोडावा, कारण ईएससीला ब्रेकची तार नसते. पल्स वाढण्याचा वेग प्रोग्राममध्येच मर्यादित ठेवावा. शून्यापासून पूर्णपर्यंत जायला दोन-तीन सेकंद लागू द्यावेत, खाली येणे मात्र तत्काळ असावे.

आपला ईएससी १२ एसचा आहे, तेव्हा त्यात ५ व्होल्ट देणारा बीईसी बहुधा नसेल. तसे असल्यास बॅटरीवरून ५ व्होल्ट काढणारा वेगळा कन्व्हर्टर लागेल, आणि तो ४२ व्होल्ट सहज सोसणारा घ्यावा. सर्व्हो टेस्टर चाचणीसाठी ठीक आहे, रस्त्यावर अजिबात नको. बटण सोडल्यावर ते आपोआप शून्यावर येत नाही, एवढे एकच कारण त्यासाठी पुरे आहे.

उत्तर
लेखक : घर्षणचालक

पाते_आणि_पंख यांचा हिशेब बरोबर आहे, परंतु त्यावरून विमानाचा ईएससी सायकलवर निकामीच ठरतो असा अर्थ कोणी काढू नये. टायरला रोलर टेकवून चालणाऱ्या घर्षण ड्राइव्हमध्ये विमानाची आउटरनर (बाहेरचे आवरण फिरणारी) मोटर आणि विमानाचाच ईएससी ही जोडी कितीतरी लोकांनी वापरली आहे आणि ती चालते. तिथे मोटर आधी मोकळी फिरू लागते, मग रोलर टायरला टेकतो. भार येईपर्यंत बॅक ईएमएफ पुरेसा असतो, त्यामुळे थरथरीचा प्रश्नच येत नाही.

आपल्या गिअरच्या हब मोटरमध्येही अशीच एक सोय आहे आणि ती आपल्या लक्षात आली नसावी. तिच्या आत एकेरी क्लच असतो. पायडल मारताना चाक पुढे फिरते, मोटर मात्र आत थांबलेली राहते. म्हणून वेग घेतल्यानंतर थ्रॉटल दिला की मोटर रिकामी सुरू होते, चाकाचा वेग गाठते आणि मग क्लच पकडतो. आपल्याला हाच अनुभव येतो आहे. फक्त थ्रॉटल झटक्यात देऊ नये. रोटर चाकाच्या पुढे धावून क्लच एकदम आदळला, तर आतल्या नायलॉनच्या गिअरचे दात झिजण्याऐवजी सरळ तुटतात. तारजोड यांनी सांगितलेला सावकाश चढणारा पल्स या गिअरसाठीही हवा.

तेव्हा प्रत्येक वेळी पायाने निघायचे, चढावर वेग मंदावला तर थ्रॉटल सोडायचा, आणि ईएससी उघड्यावर, वारा लागेल अशा जागी पण पाण्यापासून वाचवून बसवायचा, या अटी मान्य असतील तर हा ईएससी सपाट रस्त्यावर चालेल. त्याच्या सेटिंगमध्ये ब्रेक बंद ठेवावा, हेलिकॉप्टरचा गव्हर्नर मोड (फेऱ्या स्थिर राखणारा) असल्यास तोही बंद ठेवावा, आणि टायमिंग (फेजना वीज किती आधी द्यायची ते) सर्वांत कमी ठेवून सुरुवात करावी.

तारांबाबत एक गोष्ट उलटी वाटेल. बॅटरी कॅरिअरवर आणि मोटर चाकात असेल, तर ईएससी बॅटरीपाशी ठेवून मोटरच्या तीन तारा लांबवाव्यात. ईएससी मोटरपाशी ठेवून बॅटरीच्या तारा लांबवू नयेत. मीटरभर तारेत साधारण १ मायक्रोहेन्री इंडक्टन्स असतो, आणि दर चालू-बंदला त्यामुळे व्होल्टेजचे टोक उठते. ते टोक गिळण्याचे काम ईएससीवरचे कपॅसिटर करतात, आणि ते विमानातल्या वीतभर तारांच्या हिशेबाने निवडलेले असतात. तारा लांबवण्यावाचून गत्यंतर नसेल तर ईएससीच्या अगदी तोंडाशी ६३ व्होल्टचे, कमी अंतर्गत रोधाचे कपॅसिटर समांतर लावावेत. मग बॅटरी जोडताना मोठी ठिणगी उडेल, म्हणून आधी एका रेझिस्टरमधून कपॅसिटर भरून घेऊन नंतर थेट जोडणी करावी.

प्रश्नकर्त्याचे प्रत्युत्तर
लेखक : मागचे_चाक

सर्वांचे आभार. वॉटमीटर खोटे सांगत नव्हता, तो केवळ एका बाजूचे सांगत होता, हे आता कळले. एक शंका उरते. वॉटमीटरसारखेच करंट मोजून, तो वाढल्यावर थ्रॉटलचा सिग्नल मागे ओढणारे एखादे सर्किट बॅटरीच्या तारेवर बसवले, तर १५ अँपिअरची मर्यादा घालता येईल का? आणि बॅटरी फार उतरू नये म्हणून ईएससीतच जे कमी-व्होल्टेजचे संरक्षण आहे, त्यावर विसंबावे का? माझ्या बॅटरीत बीएमएस (सेलचे रक्षण करणारे सर्किट) आहे.

उत्तर
लेखक : पाते_आणि_पंख

बॅटरीच्या तारेवर घातलेली मर्यादा बॅटरीला वाचवते, ईएससीला नाही. वरच्याच उदाहरणात बॅटरीचा करंट ९.६ अँपिअर होता, म्हणजे आपल्या १५ च्या मर्यादेला धक्काही लागला नव्हता, आणि फेजमध्ये ४८ अँपिअर वाहत होते. ड्यूटी २५ टक्के झाली तर फेजमध्ये ६० आणि बॅटरीत बरोबर १५. म्हणजे आपले सर्किट जागे होईपर्यंत फेज करंट त्याच्या चौपट झालेला असतो. शिवाय असे बाहेरचे सर्किट सरासरी मोजते आणि त्याची आज्ञा पुढच्या पल्सबरोबर पोहोचते. सिंक (रोटर आणि ईएससी यांचा ताल) सुटल्यावर मॉस्फेट फुटायला इतका वेळ लागत नाही. फुटलेले ईएससी उघडले की बहुतेकदा एकाच फेजचे मॉस्फेट काळे पडलेले दिसतात, एखाद्याच्या डोक्यावरचे प्लास्टिक उडालेले असते आणि बाकीचा बोर्ड अगदी नवा वाटतो. सगळा बोर्ड सारखा तापून मेल्याचे हे चिन्ह नव्हे.

कमी-व्होल्टेजच्या संरक्षणावर विसंबू नये. ईएससी चालू होताना मोजलेल्या व्होल्टेजवरून सेलची संख्या ताडतो. आपली १० एसची बॅटरी अर्धी उतरून ३६ व्होल्टवर असताना आपण चालू केले, तर ३६ भागिले ४.२ करून तो तिला ९ एस समजू शकतो. मग दर सेल ३ व्होल्टच्या हिशेबाने तो २७ व्होल्टला थांबेल, आणि प्रत्यक्षात आपला प्रत्येक सेल तेव्हा २.७ व्होल्टवर आलेला असेल. सेलची संख्या हाताने ठरवता येत असेल तर ती १० ठेवावी. बीएमएस आहे हे चांगलेच, पण ती शेवटची भिंत आहे, रोजचा स्विच नव्हे.

घर्षणचालक यांच्याशी माझे फारसे दुमत नाही. रिकामी सुरू होणारी मोटर असेल तर मीही हा ईएससी लावीन. मात्र ज्यांच्याकडे गिअर नसलेली डायरेक्ट-ड्राइव्ह हब मोटर आहे, त्यांनी हे वाचून प्रयोग करू नये. काही नव्या ईएससींमध्ये बंद काळातही डायोडऐवजी मॉस्फेटच उघडतात. तापण्याच्या दृष्टीने ते चांगले, परंतु थ्रॉटल कमी केला की तीच मोटर जनरेटर होऊन वीज बॅटरीकडे ढकलू लागते. गिअरच्या मोटरमध्ये क्लच सुटल्यामुळे फक्त रोटरच्या फिरण्यातली ऊर्जा तेवढी परत येते. डायरेक्ट-ड्राइव्हमध्ये माणसासकट अख्खी सायकल त्यामागे असते. बॅटरी पूर्ण भरलेली असताना बीएमएसने त्या क्षणी दार बंद केले, तर त्या विजेला जायला ईएससीच्या कपॅसिटरवाचून जागा नसते.

उत्तर
लेखक : सहा_मॉस्फेट

येथे दोन वेगळे प्रश्न एकत्र होत आहेत. हा ईएससी सायकलवर चालवता येईल का, याचे उत्तर वर आले आहे. पण आपल्या मोटरला काय योग्य आहे, हे विचाराल तर ज्या मोटरमधून हॉल सेन्सरच्या पाच तारा बाहेर आल्या आहेत, तिला त्या तारा वाचणाराच कंट्रोलर द्यावा. थांबलेल्या रोटरची जागा त्या तारा पहिल्याच क्षणी सांगतात, त्यामुळे डोळे मिटून झटके देण्याची गरजच राहत नाही. विमानाच्या ईएससीत त्या जोडायला जागा नसते. रिमोटच्या मोटारगाड्यांचे सेन्सरवाले ईएससी असतात, परंतु त्यांतले बहुतेक २ ते ३ एससाठी, आणि मोठ्यातले मोठे ६ ते ८ एसपर्यंतच असतात. आपल्या ४२ व्होल्टना ते तोंड देऊ शकणार नाहीत.

छंदाच्या जगातलेच काही हवे असेल तर व्हीईएससीचा विचार करावा. स्वीडनच्या बेंजामिन वेडर यांनी तो मुळात इलेक्ट्रिक स्केटबोर्डसाठी तयार केला आणि त्याचा आराखडा व सॉफ्टवेअर सर्वांसाठी खुले ठेवले. तो आकाराने ईएससीसारखा, पण वागणुकीने वेगळा आहे. फेजचा करंट तो प्रत्यक्ष मोजतो, मोटरचा करंट आणि बॅटरीचा करंट यांच्या मर्यादा वेगवेगळ्या घालता येतात, ब्रेक मारताना बॅटरीकडे किती करंट परत जावा हेही ठरवता येते, आणि हॉल सेन्सर वाचून एफओसी पद्धतीने (रोटरच्या जागेप्रमाणे फेजचा करंट सतत जुळवत) मोटर जवळजवळ निःशब्द चालवता येते. सायकलचा थ्रॉटल त्याला थेट जोडता येतो. मात्र तो ३.३ व्होल्टच्या इनपुटसाठी असेल तर सिग्नल रेझिस्टरच्या जोडीने खाली आणावा लागतो. त्याची किंमत म्हणजे सेटिंगला द्यावा लागणारा वेळ. मोटरचा रोध, इंडक्टन्स आणि फ्लक्स तो स्वतः मोजतो, पण मर्यादा आपणच विचारपूर्वक घालायच्या असतात.

आणि केवळ सायकल पुन्हा रस्त्यावर यावी एवढेच हवे असेल, तर ३६ व्होल्ट, १५ अँपिअरचा साधा ई-सायकल कंट्रोलर यांपैकी कशाहूनही कमी कटकटीचा आहे. पायडलचा सेन्सर, ब्रेकचा स्विच, वेगाची मर्यादा हे सर्व त्यात आयते येते. ईएससीवर ते एकेक करून पुन्हा उभारावे लागते. कोणताही पर्याय निवडला तरी बॅटरीच्या धन टोकाजवळ, डीसीसाठी बनवलेला फ्यूज अवश्य घालावा. ब्रशलेस मोटरमध्ये मॉस्फेट फुटून शॉर्ट झाला तरी मोटर पळत सुटत नाही, उलट जड होऊन अडते. पण त्याच फेजचा वरचा आणि खालचा असे दोन्ही गेले, तर तो बॅटरीवरचा थेट शॉर्ट असतो.

कंट्रोलर मागवण्यापूर्वी हॉल सेन्सर शाबूत आहेत का ते तपासून घ्या, कारण कंट्रोलरमध्ये शिरलेले पाणी कनेक्टरपर्यंतही गेलेले असू शकते. पाच तारांपैकी लाल आणि काळी यांना ५ व्होल्ट द्या. उरलेल्या तीन सिग्नलच्या तारा स्वतःहून व्होल्टेज देत नाहीत, त्यांचे आउटपुट ओपन-कलेक्टर असते. म्हणून प्रत्येकीपासून लाल तारेपर्यंत १० किलोओहमचा रेझिस्टर जोडा. मग मल्टिमीटरचे एक टोक काळ्या तारेला आणि दुसरे एकेका सिग्नलला लावून चाक सावकाश उलटे फिरवा. सुलटे फिरवल्यास क्लचमुळे रोटर हलणार नाही आणि चांगले सेन्सरही मेलेले वाटतील. उलटे फिरवताना तिन्ही तारांवर ० आणि ५ व्होल्ट आलटून-पालटून दिसले पाहिजेत. एखादी तार एकाच आकड्यावर अडकून राहिली, तर आधी कनेक्टरच्या पिना घासून स्वच्छ करा आणि तीच तार पुन्हा तपासा.